व्हिनेगर आणि विरजण

शहाडला आमच्या खोलीत साठ लिटरची खाऱ्या पाण्याची पेटी आहे. तीत थोडे प्रवाळ व चार मासे. माशांच्या विष्ठेमुळे पाण्यात नायट्रेट साठते. सांडपाण्यावर उल्हास नदीत जलपर्णी माजते, तसे पेटीत शेवाळ माजते. उपाय म्हणून व्हिनेगर घालतात. त्यातील कर्बावर जीवाणू वाढतात व वाढताना नायट्रेट, फॉस्फेट शोषतात. मग स्किमर फेसाबरोबर जीवाणूही बाहेर काढतो.

मी रोज अर्धा मिलिलिटर घालीत असे. निकाल लवकर हवा म्हणून एका रात्री दहापट घातले. सकाळी पाणी दुधाळ, दोन मासे मेलेले! वाढलेल्या जीवाणूंनी प्राणवायू संपवला होता.

शाळेत न गेलेली आई म्हणाली, "विरजणसुद्धा चमचाभरच लागतं, बाळा."

आता मात्रा आठवड्याने, तीही नायट्रेट मोजूनच वाढवतो.