फिटर झालेल्या भाच्यासाठी

फिटर ट्रेड पास झालास, आनंद आहे. मुलाखतीत विचारतात ते तुला येतंच, त्याबद्दल मी काही सांगत नाही. मला सांगायचंय त्यापुढचं. बोईसरला मेंटेनन्समध्ये जन्म गेला माझा, आणि दरवर्षी पावसाळ्यात आयटीआयची नवी पोरं भरती होताना नि दिवाळीच्या आत गळताना पाहिली. त्यातली बरीचशी हुशार होती. काम येत नव्हतं म्हणून गेली असं नाही. समोर आलं ते काम शिकलेल्या कामासारखं दिसत नव्हतं, तिथेच बिचकली.

आधी जायचं कुठे ते बघू. १९९१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. थर्मल वीजकेंद्र तेवढं उभं राहिलं, बाकी कारखान्यांची रांग काही लागली नाही. त्यापायी चिकूच्या वाड्या टिकल्या, त्यामुळे मला तरी त्याचं दुःख नाही. पण तुझ्यासारख्याला मग दोनच वाटा उरतात. खाली बोईसर-तारापूर, नाहीतर वर उंबरगाव, सरीगाम, वापी. डहाणू रोडहून बोईसरला मधे एकटं वाणगाव, आणि २०१३ पासून लोकलही आहे. वरच्या अंगाला लोकल नाही. तुझ्याबरोबरची तलासरीची पोरं आच्छाडवरून हायवेने जातात, कुणाच्या तरी मोटरसायकलवर तिघं तिघं. पगाराचा आकडा ऐकण्याआधी पाळी किती वाजता सुटते ते विचार. रात्री अकराला गेटबाहेर पडलास तर पाड्यावर पोचायला काय आहे, याचं उत्तर नसेल तर ती नोकरी तीन महिने टिकत नाही. किंवा मग तिथेच खोली घे, आणि खोलीचं भाडं वजा करून पगार मोज.

आता कामाचं. आयटीआयत तू ठोकळा घासून काटकोनात आणलास, व्हर्नियरवर ०.०२ मिलिमीटर वाचलंस. कंपनीत फाइल हातात येईल न येईल. पहिल्याच आठवड्यात सांगतील, पाण्याचा पंप ग्लँडमधून गळतोय, बघ. तू स्पॅनर घेशील, नट आवळत सुटशील, गळती थांबेल आणि ऐटीत फोरमनकडे बघशील. थोड्या वेळात पॅकिंग करपल्याचा वास येईल. अरे, पॅकिंगवाला पंप थेंब थेंब गळायलाच हवा. त्या पाण्यानेच पॅकिंग थंड राहतं, नाहीतर शाफ्टच्या स्लीव्हला चरे पडतात. पॅकिंगच्या रिंगा टोकाला तिरप्या कापायच्या, एकीचा जोड दुसरीच्या जोडावर येऊ द्यायचा नाही, पाव फेरा फिरवून बसवायच्या. दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे, पंप चालू करून बघायचं, मग पुन्हा थोडे. हे सगळं तुला शिकवील तो बहुधा आठवीत शाळा सोडलेला हेल्पर असेल. त्याला काका म्हण, त्याच्या बरोबर चहा पी. सर्टिफिकेट त्याच्यासमोर काढू नकोस.

केमिकलची लाइन उघडायची असेल तर मात्र काकाचंही ऐकायचं नाही, परमिट झाल्याशिवाय हात लावायचा नाही. लाइन रिकामी आहे म्हणून सांगितलं तरी ती भरलेली आहे असं धरूनच चालायचं. फ्लँजचा आपल्यापासून लांबचा बोल्ट आधी ढिला करायचा, म्हणजे आत काही उरलं असेल तर ते पलीकडे उडतं. पंपाचा स्विच आपल्या हाताने बंद करून आपलं कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची.

फिटर म्हणून घेतील आणि माल खोक्यात भरायच्या पॅकिंग लाइनवर उभा करतील, हेही होणार. रुसून घरी येऊ नकोस. ती लाइन दिवसातून कितीदा आणि कशामुळे अडते ते वहीत टिपून ठेव. मेंटेनन्सवाला आला की त्याच्या शेजारी जाऊन उभा राहा, टॉर्च धर. सहा महिन्यांनी ती वही दाखवून मेंटेनन्स माग. तरी खोकीच भरायला लावत असतील तर दुसरी कंपनी बघ, त्यात लाज कसली? आणि मोटरचा स्टार्टर, ओव्हरलोड रिले एवढं तरी इलेक्ट्रिशियनकडून शिकून घे. रात्रपाळीत दोन्ही जाणणाऱ्यालाच मान असतो. हात बारीक कामाला बसत असेल तर चिंचणीकडे दागिन्यांचे डाय करणारे आहेत, तेही पोलादाचंच काम आहे. फिटरच्या डोळ्याला ते लवकर जमतं.

वाढवण बंदराचं विचारू नकोस, मला माहीत आहे तुझ्या मनात तेच आहे. ७६,२२० कोटींचं काम, ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झाली. मच्छीमारांचं म्हणणं मला पटतं, पण ते भांडण आज बाजूला ठेवू. बंदर चालू व्हायला वर्षं जातील, तेवढी वर्षं नाक्यावर बसून काढायची नाहीत. तिथे उद्या हायड्रॉलिक्स येणारा माणूस लागेल, आणि हायड्रॉलिक्स आज बोईसरच्या कुठल्याही प्रेसवर शिकता येतं.

अप्रेंटिसशिप मिळाली तर ती आधी कर. विद्यावेतन कमी असतं, आणि १९६१ च्या कायद्याप्रमाणे पुढे कायम करायचं बंधन कंपनीवर नसतं, हे धरूनच जा. पश्चिम रेल्वे दहावी नि आयटीआयच्या गुणांवरच यादी लावते, परीक्षा नाही, तिथे अर्ज टाकूनच ठेव. पहिली नोकरी बहुतेक ठेकेदाराकडेच लागेल. त्याला पीएफचा यूएएन माग. ठेकेदार बदलला तरी नंबर तोच राहिला पाहिजे. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते, आणि तीन ठेकेदारांचे तीन नंबर झाले की ती वर्षं जुळवताना दम निघतो. आधार, मार्कशीट आणि बँकेत नाव एकसारखं करून घे, आडनाव-बापाचं नाव मागेपुढे असेल तर आत्ताच. ईएसआयसीचं कार्ड घरच्यांच्या नावांसकट कर, आईला दवाखान्याला उपयोगी पडेल.

आणि भाताची आवणी. इथेच आपली पोरं मार खातात. पाऊस लागला की न सांगता आठ दिवस गायब, परत गेलं तर जागेवर दुसरा. वापीच्या साहेबाला राब काय आणि मुठ्या काय, कसं कळणार? जूनच्या पहिल्या आठवड्यातच लेखी अर्ज दे, तारखा घालून, आणि त्या बदल्यात दिवाळीत ड्युटी करीन असंही लिही, कारण दिवाळीत बाहेरगावचे सगळे गावी पळतात नि माणूस मिळत नाही. चार दिवस मिळाले तर चारच घे. उरलेल्या आवणीला मी येतो. माझा गुडघा आता चिखलात उतरू देत नाही, पण बांधावर बसून रोपांच्या मुठ्या बांधून देईन. शेजारच्या पाड्यावरचे दोघं तुझ्या आईला सांगून आत्ताच ठरवून ठेव, ऐन वेळी मजूर मिळत नाहीत.