काठी शिकवणारे हात

या सत्रात माझ्या चष्म्याचा नंबर वाढला. एनडीएच्या वैद्यकीय चाचणीची धास्ती बसली, म्हणून सैनिकांच्याच सेवेची दुसरी वाट अभ्यासली: दृष्टी गमावलेल्या जवानांचे पुनर्वसन.

१९४३ मध्ये देहरादूनला युद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी सेंट डन्स्टन्स केंद्र सुरू झाले. त्याचे प्रमुख क्लुथा मॅकेन्झी स्वतः गॅलिपोलीच्या लढाईत अंध झाले होते. पांढऱ्या काठीने एकट्याने चालणे, ब्रेल, हातकाम हे सारे शिकवायला शिक्षक लागतात. आज देहरादूनचीच राष्ट्रीय दृष्टी दिव्यांगजन सशक्तीकरण संस्था असे शिक्षक घडवते. अभ्यासक्रमानंतर भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी मिळाली, की देशभर काम करता येते.

आपण शिकवलेला जवान एकटा रस्ता ओलांडतो, ही कमाई पगारापलीकडची. चाचणीत पास झालो तर गणवेश. नाहीतर ही काठी आहेच.