सातबारा आणि पाण्याचा हक्क

सातबाराच्या उताऱ्यांत भोगवटदाराचें नांव, क्षेत्र व आकार आढळतो. त्या रानास येणारें पाणी कोणाच्या खर्चानें आलें, हें तेथें लिहिलेलें नसतें. आमच्या कोऱ्हाळे बुद्रुककडील भागांत खरा भेद तेथूनच पडतो. सन १८८५ च्या सुमारास वाहूं लागलेला नीरा डावा कालवा सरकारी खर्चानें झाला, परंतु त्याचें पाणी जमिनीमागें जातें. ज्याचें रान अधिक, त्याचा लाभ अधिक. ज्यास गुंठाहि नाहीं, त्याच्या वांट्यास मजुरी. कमाल धारणेच्या १९६१ च्या कायद्यांत १९७५ सालीं दुरुस्ती होऊन बारमाही पाण्याखालील मर्यादा १८ एकर ठरली. पण तो कायदाहि जमीनच मोजतो.

शेजारच्या पुरंदर तालुक्यांत १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनीं नायगांवीं पाणी पंचायतीचा प्रयोग आरंभिला, तो माणसें मोजून. माणशी अर्धा एकर, कुटुंबास फार तर अडीच एकर, भूमिहीनासहि वांटा, ऊस वर्ज्य, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिजबरोबर जात नाहीं. म्हणजे वीस एकरांच्या धन्याच्या घरीं चौघे असल्यास पाणी दोन एकरांचें, व तीन एकरवाल्याच्या घरीं पांच असल्यास अडीच एकरांचें!

बागायतदार विचारील, भूमिहीनानें पाणी घेऊन काय करावें? कोरडें रान असलेल्याशीं तो वांट्याची बोली करूं शकतो. रिकाम्या हातानें ती होत नाहीं.

ऊस मुरलेल्या आमच्या भागांत हे नियम जसेच्या तसे चालणें कठीण. तथापि नवी उपसा योजना काढतांना सभासदांची यादी सातबारावरून करावी कीं शिधापत्रिकेवरून, हा प्रश्न सभेपुढें अवश्य मांडावा.