अधिकार भूमिकेला द्यावा: शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या डिजिटल प्रणालींतील प्रवेशव्यवस्था

कर्नाटकात आपल्या सातबाऱ्याच्या जागी ‘आरटीसी’ असतो. बोलीभाषेत त्याला ‘पहाणी’ही म्हणतात. २००० सालापूर्वी हे उतारे सुमारे ९,००० ग्रामलेखापालांच्या दप्तरांत हाताने लिहिलेले असत. दप्तर ज्याच्या ताब्यात, नोंद पाहण्याचा, बदलण्याचा आणि तिची नक्कल देण्याचा व्यवहारही त्याच्याच हाती. बेंगळुरू येथील राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या साहाय्याने राज्याच्या महसूल विभागाने ‘भूमी’ ही प्रणाली उभी केली आणि सुमारे ६७ लाख खातेदारांच्या २ कोटी नोंदी संगणकावर आणल्या. तालुक्याच्या खिडकीवर १५ रुपयांत उतारा मिळू लागला. या प्रकल्पाची चर्चा बहुधा उताऱ्याच्या त्या खिडकीपाशीच थांबते. आपल्या दृष्टीने अधिक उपयुक्त भाग खिडकीच्या आतल्या बाजूस आहे.

‘भूमी’मध्ये नोंद भरणारा वेगळा आणि ती प्रमाणित करणारा वेगळा ठेवण्यात आला. पासवर्ड दुसऱ्याला सांगता येतो, बोट उसने देता येत नाही. म्हणून प्रणालीत शिरण्यासाठी कर्मचाऱ्याच्या बोटाच्या ठशाचा वापर झाला. फेरफाराचे अर्ज ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने पुढे सरकावेत, अशीही योजना होती. आणि प्रत्येक तालुक्यात भूमिकांची रचना एकच होती. कोणत्या पदाला काय पाहता येईल आणि काय बदलता येईल, हे एकदा ठरले आणि सर्व तालुक्यांना लागू झाले. अधिकारी बदलून गेला, तरी पदाचे अधिकार जागेवर राहिले.

संगणकशास्त्रात या पद्धतीला भूमिकाधारित प्रवेशनियंत्रण म्हणतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेतील डेव्हिड फेरायओलो आणि रिचर्ड कुन यांनी १९९२ मध्ये तिची शास्त्रीय मांडणी केली. मूळ विचार मात्र आपल्या महसूल व्यवस्थेला परका नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० नुसार तलाठी फेरफाराची नोंद घेतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी मुदत मिळते आणि प्रमाणित करणारा अधिकारी दुसराच असतो. सहकारी संस्थेच्या धनादेशावर दोन सह्या लागतात, त्यामागेही हाच विचार आहे.

मग शेतकरी उत्पादक कंपनीच्या कार्यालयात एकच पासवर्ड भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहिलेला का आढळतो? कारण प्रणाली घेताना खर्च, भाव आणि सुविधा यांची चौकशी होते. कोणाला कोणता दरवाजा उघडा राहील, हे कोणी विचारत नाही. सभासदाचा आधार क्रमांक, बँक खाते, गटक्रमांक, पिकाचा अंदाज, कर्जाची थकबाकी हे सारे एकाच खात्यामागे असते. हंगामापुरता आलेला वजनकाटा कर्मचारीही ते पाहू शकतो, आणि उद्या कोणाच्या खात्यातील रक्कम दुसरीकडे वळली, तर ती कोणी वळवली हे सांगता येत नाही. खात्यावर नाव एकाचे असते, हात दहा जणांचे.

भूमिकांचा साचा करताना पदनामांपासून सुरुवात करू नये. मालाच्या प्रवासापासून करावी. कर्नाटक शासन आणि एनसीडीईएक्स स्पॉट एक्स्चेंज यांनी समान भागीदारीत २०१४ मध्ये स्थापन केलेल्या ‘राष्ट्रीय ई-मार्केट सर्व्हिसेस’ने राज्यातील बाजार समित्या एका प्रणालीने जोडल्या. तेथे फाटकावर लॉटची नोंद, गुणवत्ता तपासणी, ऑनलाइन बोली, वजन आणि शेतकऱ्याच्या खात्यात रक्कम असे टप्पे आहेत. बोली पसंत नसेल, तर ती नाकारण्याचा अधिकार शेतकऱ्याकडे राहतो. असा प्रवास कागदावर काढला की भूमिका आपोआप दिसू लागतात. प्रतवारी लिहिणाऱ्याला दर बदलण्याचे कारण नाही, वजन नोंदवणाऱ्याला बँक खाते पाहण्याचे कारण नाही. खरेदीदार कंपनीला लॉट, प्रत आणि वजन पुरेसे आहे. सभासदाचा मोबाइल क्रमांक तिला मिळाला, तर पुढच्या हंगामात ती शेतकरी कंपनीला वगळून थेट बांधावर जाईल.

प्रत्येक भूमिकेपुढे पाहणे, नोंदवणे, दुरुस्त करणे, मंजूर करणे आणि यादी उतरवून घेणे या पाच क्रियांचा विचार करावा. यातील शेवटच्या क्रियेकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. क्षेत्रीय कार्यकर्त्याने आपल्या गावातील एका सभासदाची माहिती पडद्यावर पाहणे वेगळे आणि सर्व सभासदांची यादी एक्सेलमध्ये उतरवून भ्रमणध्वनीत नेणे वेगळे. ती यादी एकदा बाहेर गेली की तिच्यावर कोणत्याही प्रणालीचे नियंत्रण राहत नाही. शिवाय ‘नोंदवणे’ आणि ‘मंजूर करणे’ या दोन खुणा एकाच ओळीत आल्या, तर साचा कितीही नीटनेटका दिसो, तो फसलेला समजावा. कर्मचारी दोनच असतील, तर मंजुरी एखाद्या संचालकाकडे द्यावी.

साच्याचा खरा लाभ अनेक कंपन्यांचे काम पाहणाऱ्या संस्थेला होतो. १०,००० शेतकरी उत्पादक संस्थांच्या केंद्रीय योजनेचा आरंभ फेब्रुवारी २०२० मध्ये झाला. त्या योजनेतील क्लस्टर आधारित व्यवसाय संस्था एकाच वेळी अनेक कंपन्यांना साहाय्य करतात. प्रत्येक कंपनीसाठी नव्याने अधिकार ठरवत बसण्यापेक्षा लेखापाल, केंद्रप्रमुख, क्षेत्रीय कार्यकर्ता, लेखापरीक्षक असे चार-पाच साचे करून सर्वत्र लावणे सोपे असते. येथे प्रणाली पुरवणाऱ्याला एक प्रश्न अवश्य विचारावा: साचा कंपनीला जोडलेला राहतो, की त्याची प्रत निघते? जोडलेला असेल, तर मूळ साच्यातील एक खूण सर्व कंपन्यांचे अधिकार त्याच क्षणी बदलते. म्हणून बदल आधी एका कंपनीत तपासावा. प्रत निघत असेल, तर मूळ साच्यात केलेली सुधारणा जुन्या कंपन्यांपर्यंत पोहोचतच नाही आणि आपण ती झाली असे समजून निर्धास्त राहतो. दुसरा प्रकार अधिक धोक्याचा वाटतो, कारण तो दिसत नाही.

अपवाद लागतातच. तूर खरेदीच्या गर्दीत लेखापाल रजेवर गेला, तर काम थांबवता येत नाही. अशा वेळी पर्यायी कर्मचाऱ्याला ती भूमिका अंतिम तारखेसह द्यावी आणि कारण लिहून ठेवावे. मात्र प्रत्येक माणसासाठी वेगळा साचा होऊ लागला, की साचे उरत नाहीत, माणसांची यादी तेवढी उरते. बदलीच्या वेळी नवी भूमिका देताना जुनी काढून घेण्याचाही विसर पडतो. तीन केंद्रांवर काम केलेल्या कार्यकर्त्याकडे तिन्ही केंद्रांच्या किल्ल्या साठत जातात.

सर्वांत नाजूक प्रश्न मुख्य प्रशासक खात्याचा आहे. हे खाते अनेकदा पहिल्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या खासगी ईमेलवर किंवा साहाय्यक संस्थेच्या प्रतिनिधीच्या मोबाइलवर उघडले जाते. केंद्रीय योजनेत साहाय्याचा काळ पाच वर्षांचा आहे; आरंभीच्या काळात स्थापन झालेल्या कंपन्यांचा तो काळ आता संपत आला आहे. संस्था निघून गेली आणि ओटीपी तिच्याच माणसाच्या मोबाइलवर येत राहिला, तर कंपनीला स्वतःच्या सभासदांच्या नोंदी उघडण्यासाठी बाहेरच्याला विनवावे लागेल. म्हणून हस्तांतरणाच्या कागदांत शिक्के, चेकबुक आणि भाग नोंदवहीबरोबर प्रशासक खात्याचाही उल्लेख हवा. हे खाते कंपनीच्या नावाच्या ईमेलवर आणि कंपनीच्या सिमकार्डावर असावे, आणि दैनंदिन कामासाठी ते वापरू नये. बाहेर पडणाऱ्या संस्थेला अहवालासाठी काही पाहणे आवश्यक असेल, तर ‘फक्त पाहणे’ एवढीच भूमिका मुदतीसह द्यावी.

डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ने माहिती बाळगणाऱ्यावर तिच्या सुरक्षिततेची वाजवी व्यवस्था करण्याचे बंधन घातले आहे. त्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत प्रवेशनियंत्रण आणि प्रवेशाच्या नोंदी ठेवणे यांचा उल्लेख आहे. प्रवेशाच्या नोंदी प्रणाली ठेवतेच. त्या कोणी उघडून पाहत नाही, ही अडचण आहे.

खरीप आणि रब्बीच्या तोंडावर, बियाण्यांची मागणी नोंदवण्याआधी, संचालक मंडळाच्या बैठकीत सर्व चालू खात्यांची यादी वाचून दाखवावी. नाव वाचल्यावर ‘हे कोण?’ असा प्रश्न आला, तर ते खाते त्याच बैठकीत बंद करावे. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचा राजीनामा स्वीकारण्याच्या ठरावातच त्याचा प्रवेश बंद झाल्याची तारीख आणि वेळ लिहावी.