सागवानी मुंडा आणि संग्रहालयातील चिठ्ठी

वस्तुसंग्रहालयात आपण वस्तू पाहतो. परंतु ती पाहिल्याने तिचे ज्ञान आपणांस होतेच असे नाही. हा धडा मला एखाद्या ग्रंथाने नव्हे, तर खकनारकडील एका वृद्ध कोरकू गृहस्थाने दिला.

खकनार हे माझे आजोळ. मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्ह्याचा हा तालुका महाराष्ट्राच्या सीमेला लागून आहे. सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे मेळघाटातही कोरकूंची वस्ती आहे. त्यांची भाषा मराठीच्या कुळातील नाही आणि कन्नडच्याही नाही. ती संताळी व मुंडारी यांची बहीण होय. ‘कोरो’ म्हणजे माणूस, आणि ‘कोरकू’ हे त्याचे अनेकवचन.

कोरकू लोक मृतांच्या स्मरणार्थ कोरीव सागवानी स्तंभ किंवा फळी उभारतात. तिला ‘मुंडा’ म्हणतात. (या भाषाकुळाचे नावही मुंडाच आहे, वाचकांनी दोहोंची गल्लत करू नये.) त्यावर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार कोरलेले असतात. ज्या विधीत हा मुंडा उभारतात त्याचे नाव सिडोली. तो मृत्यूनंतर लगेच होतो असे नाही. कुटुंबाला खर्च झेपेपर्यंत काही वर्षेही लोटतात. सिडोली झाली म्हणजे मृताचा जीव पितरांत जाऊन मिळतो, अशी श्रद्धा आहे. आपल्या परिसरातील वीरगळ सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्या शब्दातील ‘गळ’ म्हणजे कन्नडमधील ‘कल्लु’, अर्थात दगड. परंतु वीरगळ रणात पडलेल्या वीराचा असतो, तर मुंडा साध्या शेतकऱ्याचाही असतो.

काही वर्षांपूर्वी एका शहरातील संग्रहालयात मी असा मुंडा पाहिला. खालच्या चिठ्ठीवर ‘स्मृतिफलक, लाकूड, कोरकू जमात’ एवढेच लिहिले होते. मी ते वहीत उतरवून घेतले आणि विषय समजला असे मानून बाहेर पडलो.

पुढे दिवाळीत आजोळी गेलो असता मामा मला जवळच्या एका पाड्यावर घेऊन गेले. झाडाखाली पाच-सहा मुंडे होते. दोन आडवे पडले होते व एकाला वाळवी लागली होती. मी म्हणालो, “बाबा, हे उचलून नीट आत ठेवायला हवेत.”

म्हातारबाबांचे बोलणे मामा मला समजावून सांगत होते. “उभा केला तेव्हाच त्याचं काम झालं,” बाबा म्हणाले. “पडेल तर पडेल.” मग त्यांनी एकेकाकडे बोट दाखविले. “हा माझ्या आज्याचा. हा थोरल्या काकाचा. त्याची सिडोली झाली तेव्हा मी गुरं राखत होतो.”

“ही नावं कुठं लिहिलेली आहेत का?”

“लिहायची कशाला? आम्हाला ठाऊक आहेत.”

शेजारी त्यांचा नातू उभा होता. त्याला मी तीच नावे विचारली. एकाच्या पुढे त्याला सांगता आले नाही.

हा प्रश्न केवळ खकनारचा नाही. नायजेरियातील इग्बो लोकांचे कोरीव लाकडी मुखवटे जगभरच्या संग्रहालयांत आहेत. ‘अग्बोघो म्मुओ’ हा त्यांपैकी एक प्रकार, म्हणजे कुमारिकेच्या आत्म्याचा पांढरा, नाजूक चेहरा. तो घालून नाचतात मात्र पुरुष. कपाटात त्याचे लाकूड तेवढे दिसते. वेश, वाद्ये व नाच मागे राहतात. ब्रिटिश सरकारचे मानववंशशास्त्रज्ञ नॉर्थकोट थॉमस यांनी १९१० ते १९१३ या काळात इग्बो प्रदेशात फिरून वस्तू, छायाचित्रे व ध्वनिमुद्रणे जमविली. तो काळ वसाहतीचा होता, आणि त्या संग्रहामागची सत्ता विसरून चालणार नाही. तथापि गावांची नावे नोंदलेली होती, म्हणूनच शंभर वर्षांनंतर पॉल बासू व त्यांच्या सहकाऱ्यांना ती छायाचित्रे त्या त्या गावी परत नेता आली, आणि काहींनी त्यांत आपले पूर्वज ओळखले. चिठ्ठीवर केवळ ‘लाकूड, इग्बो’ असे असते, तर ती कोणाकडे नेणार?

यावरून मला दोन गोष्टी उमगल्या. पहिली अशी की, जतन म्हणजे वस्तू उचलून नेणे नव्हे. मुंडा त्या कुटुंबाचा आहे. तो ठेवावा की पडू द्यावा, हे त्यांनीच ठरवावे. दुसरी अशी की, लाकडाआधी नावे नाहीशी होत आहेत. म्हणून विद्यार्थिमित्रांनो, अभ्यासास जाल तेव्हा प्रथम परवानगी मागा. मग गाव, मृत व्यक्ती, कोरणारा कारागीर आणि सिडोलीचे वर्ष विचारा, लोकांच्याच शब्दांत लिहा आणि त्या नोंदीची एक प्रत त्या घरी द्या.

त्या दिवशी बाबांच्या संमतीने मी सहाही नावे लिहून घेतली. एक कागद मी ठेवला. दुसरा त्यांच्या नातवाने घडी घालून खिशात ठेवला.