डास उडाला म्हणून मच्छरदाणी काढू नको

बाबू, कीटक समाहारक म्हणून तू पहिल्या गावात पाय ठेवलास की कोणीतरी म्हणणारच, "साहेब, तुमच्या जाळीवर मच्छर बसते अन् उडून जाते. मरत तर नाही. मग कशाला टांगायची?" विचारणारा खोटं बोलत नाही, त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. त्याला "नाही, मरतो" असं दामटून सांगू नको. एकदा खोटा ठरलास की पुढच्या फेरीला त्या घरची रक्ताची काचपट्टीसुद्धा मिळायची नाही. एवढंच विचार, "उडून गेला, पण जाता जाता तुला चावून गेला का?"

मरत नाही, हे खरं आहे. हिवताप पसरवणाऱ्या आपल्याकडच्या क्युलिसिफेसीस डासाने आधी डीडीटी पचवलं, मग मॅलॅथिऑन पचवलं, आणि देशात कितीतरी ठिकाणी आता तो डेल्टामेथ्रीनलाही जुमानत नाही. मच्छरदाणीला लावलेलं औषध त्याच पायरेथ्रॉइड जातीचं. म्हणून ऑफिसात बसणाऱ्यालाही वाटतं की जाळीचे दिवस संपले. तसं नाही, आणि याचा दाखला फार लांब नाही. केशकाल माहीत आहे ना, छत्तीसगडच्या कोंडागाव जिल्ह्यातलं? जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने बेनिन, कॅमेरून, केनिया, सुदान आणि भारत अशा पाच देशांत याच प्रश्नावर अभ्यास झाला. भारतातली गावं त्या केशकाल भागातली होती, आपल्यासारखंच जंगल, आपल्यासारखाच भात. 2018 साली निष्कर्ष छापून आले. पाचही देशांचे आकडे एकत्र धरले तर जाळीत झोपणाऱ्यांत हिवताप न झोपणाऱ्यांपेक्षा सुमारे 38 टक्क्यांनी कमी होता. आणि जिथे डास जास्त निबर झाले होते तिथे हिवताप जास्त, असंही काही दिसलं नाही.

आता यात एक खोच आहे, ती ध्यानात ठेव. ही तुलना जाळीत झोपणारे आणि न झोपणारे यांची होती. जो रोज जाळी लावतो तो ताप आल्यावर लवकर तपासणीलाही येत असेल, घरही जरा नीट ठेवत असेल. तेव्हा 38 हा आकडा गावकऱ्यांपुढे छातीठोक फेकू नको. दिशा मात्र पक्की आहे.

डास मरत नसूनही जाळी का उपयोगी पडते, ते तुझ्या हातातल्या नळीतच दिसेल. प्रतिकार तपासताना आपण काय करतो? तीन ते पाच दिवसांच्या, रक्त न प्यालेल्या पंचवीसेक माद्या नळीत सोडतो. नळीत 0.05 टक्के डेल्टामेथ्रीनचा कागद असतो. तासभर ठेवायचं, मग स्वच्छ नळीत फुंकायचं, साखरपाण्याचा बोळा द्यायचा आणि 24 तासांनी मेलेले मोजायचे. 98 टक्क्यांच्या वर मेले तर डास औषधाला बळी पडतो, 90 च्या खाली आले तर प्रतिकार आहे असं लिहायचं. अहवालात तेवढाच आकडा जातो. पण तासभर संपला की नळी डोळ्यांशी धर आणि जगलेल्यांकडे बघ. एकीचा पाय गळून पडलेला असतो, एक उताणी पडून पंख फडफडवते, एक काचेवर चढते आणि घसरते. दुसऱ्या दिवशी यातल्या बऱ्याच जणी 'जिवंत' म्हणून मोजल्या जातात. रात्री अशा अवस्थेत ती माणसाभोवती घिरट्या घालून, भोक शोधून, चावून, पोट भरून भिंतीवर जाऊन बसेल का? काही बसतील. पुष्कळ जणी नाद सोडून निघून जातील.

आणखी एक. तपासणीतली मादी कोवळी असते, ताप देणारी मादी म्हातारी. रोग्याचं रक्त प्याल्यावर मलेरियाचा जंतू तिच्या पोटातून लाळेत यायला हवामानाप्रमाणे 10 ते 14 दिवस लागतात. तेवढे दिवस ती जगली तरच ती धोक्याची. आफ्रिकेतल्या डासांवर दिसून आलं आहे की वय वाढलं की औषध पचवायची ताकद कमी होते, आणि निबर डासही जाळीला वारंवार शिवला की पुढे त्याचं आयुष्य तुटतं. तेव्हा जाळीवरून उडालेला डास आठवडाभराने जंगलात कुठेतरी मेला तर तो तुझ्या वहीत येणार नाही, पण गावाच्या उपयोगी पडलेला असेल.

मात्र यावर विसंबून राहू नको. डास मरायचे तेव्हा एका घरच्या जाळीचा फायदा शेजारच्यालाही व्हायचा. केनियात असेंबो भागात हे मोजलं होतं, जाळीवाल्या वस्तीपासून 300 मीटरच्या आत राहणाऱ्या, स्वतःकडे जाळी नसलेल्या घरांतही हिवताप कमी झाला होता. डास मरेनासा झाला की हा फुकटचा वाटा घटतो. मग ज्याची जाळी त्याचंच रक्षण, आणि जाळीला भोक असेल तर तेही अर्धवट. औषध कडक होतं तेव्हा फाटकी जाळीही चालून जायची, आता चालत नाही. माझं ऐकशील तर गावात गेल्यावर नळीतल्या डासांपेक्षा आधी भोकं मोज.

मोजायची रीत सोपी आहे, हातच पुरतो. अंगठा जाईल एवढं भोक, मूठ जाईल एवढं, डोकं जाईल एवढं, आणि त्याहून मोठं. चार रकाने कर. अंगठ्याच्या भोकाला 1, मुठीच्या भोकाला 23, डोक्याच्या भोकाला 196, त्याहून मोठ्याला 576 असे गुण धरतात. बेरीज 64 पर्यंत असेल तर जाळी चांगली, 642 च्या वर गेली तर तिच्यात काही राहिलं नाही. हिशेब बघ, डोक्याएवढी चार भोकं असली की जाळी गेली. पण मुठीची दोन आणि अंगठ्याची दहा असतील तर अजून ती चांगल्यातच धरली जाते. सुई-दोऱ्याने दहा मिनिटांत मुठीचं भोक अंगठ्याएवढं होतं. घरात म्हातारी असेल तर तिच्या हातात दे, ती तुझ्यापेक्षा छान शिवते. दोऱ्याचं रीळ झोळीत ठेवत जा. सरकार देत नाही, आपल्या पैशाने घ्यायचं.

भोकं कुठे पडतात तेही पाहा. खालच्या कडेला जास्त, कारण तिथे खाटेच्या काथ्याला आणि बांबूला घासते, उंदीर कुरतडतो, चुलीची ठिणगी उडते. वरच्या छताला कमी. पण छताचं एक भोक खालच्या पुष्कळांना भारी पडतं. अंगाची ऊब आणि श्वासातली हवा वर जाते, आणि डास तिचा माग काढत बहुतेक छतावरच येऊन थडकतो. लिव्हरपूलच्या संशोधकांनी कॅमेरे लावून आफ्रिकेतल्या डासांचे मार्ग टिपले, त्यांत हेच दिसलं. एका कंपनीने तर जास्तीचं रसायन फक्त छताच्या कापडातच घातलं आहे. म्हणून जाळी तपासताना खाली बसून वर, उजेडाकडे बघ. उभ्याने पाहिलंस तर छत दिसत नाही.

धुण्याचं थोडक्यात सांगतो. तीन महिन्यांत एकदा, साध्या साबणाने, थंड पाण्यात, परातीत किंवा घमेल्यात. दगडावर आपटायची नाही, ब्लीच नको, वाळवायची सावलीत. नदी-नाल्यात धुवायची नाही, हे औषध माशांना विष आहे. 20 धुण्यांपर्यंत औषध टिकलं पाहिजे अशी जाळीची कसोटी असते, पण दर आठवड्याला खसाखसा धुतली तर ते पाच महिन्यांत संपतं. नवी जाळी दिवसभर सावलीत टांगून मगच वापरायला सांग. पहिल्या रात्री कोणाचं तोंड चुरचुरलं की ती जाळी दुसऱ्या दिवशी पेटीत जाते आणि परत बाहेर येत नाही.

खरा घोळ जाळीबाहेरच्या माणसाचा आहे. क्युलिसिफेसीस थंडीत लवकर चावतो, उन्हाळ्यात रात्री उशिरा. थंडीत लोक शेकोटीभोवती बसलेले असतात, उन्हाळ्यात अंगणात खाटा टाकलेल्या असतात, धान पिकलं की घरातला कर्ता माणूस राखणीला शेतात, मोहाच्या दिवसांत बायका अंधारातच टोपल्या घेऊन झाडाखाली, तेंदूपानाच्या हंगामात अख्खं कुटुंब फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी. तू दिवसा अकरा वाजता जाऊन "घरात किती मच्छरदाण्या?" विचारलंस तर उत्तर येईल "तीन", आणि तू तीन लिहिशील. विचारायचं असं: काल रात्री कोण कुठे झोपलं? म्हातारा कुठे होता? पाहुणा आला होता का? राखणीला जाळी नेली होती का? चार काठ्या रोवून शेतातसुद्धा जाळी बांधता येते, एकदा बांधून दाखव. दोन माणसांमागे एक, असा हिशेब धर, आणि कमी पडली तर गरोदर बाई आणि पाच वर्षांखालचं पोर आधी आत. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्याला ही जाळी फारसा उपाय नाही, तेही स्पष्ट सांग. नाहीतर शहरातून डेंग्यू घेऊन आलेल्या पोराचा दोष तुझ्या जाळीवर येईल.

फवारणीचं वेळापत्रक ठरताना तुला कोणी विचारणार नाही, तरी बोल. ज्या गावात जाळ्या वाटल्यात तिथे भिंतीवरही पायरेथ्रॉइडच मारलं तर डासाला एकाच औषधाची दुप्पट सवय लागते. तिथे दुसऱ्या जातीचं औषध हवं.

आता नव्या जाळ्यांचं कानावर येईल. काहींत पीबीओ नावाचं रसायन घातलेलं असतं. डास अंगातल्या ज्या विकरांनी औषध मोडून टाकतो त्यांनाच ते अडवतं, म्हणून जुनं औषध परत लागू पडतं. टांझानियातल्या मुलेबा आणि नंतर युगांडातल्या चाचण्यांत या जाळ्या साध्यांपेक्षा सरस ठरल्या. त्याच्याही पुढची क्लोरफेनापायरची जाळी. टांझानियातल्याच मिसुंग्वीत दोन वर्षांनी मुलांचं रक्त तपासलं, तेव्हा साध्या जाळीच्या गावांत 45.8 टक्के मुलांत जंतू सापडले, क्लोरफेनापायरच्या गावांत 25.6 टक्के. बेनिनमध्येही तिने तसाच गुण दाखवला आणि 2023 साली जागतिक आरोग्य संघटनेने, पायरेथ्रॉइडला डास निबर झालेल्या भागांत ती वापरा, अशी ठाम शिफारस केली. आफ्रिकेचे डास वेगळे, त्यांचा हिवताप वेगळा, तेव्हा आपल्याकडे तेवढाच फरक पडेल असं मी म्हणणार नाही.

पण ती तुझ्या हातात आली तर जुन्या सवयीने तपासू नको. क्लोरफेनापायर नसांवर नाही, पेशींच्या ऊर्जेवर घाव घालतं, आणि तेही डासाच्या अंगात जाऊन, त्याच्याच विकरांनी बदलल्यावर. डास जागा आणि फिरता असेल तर ते चांगलं चढतं. दिवसा, सुस्त बसलेल्या माद्या तीन मिनिटं जाळीवर लावलेल्या प्लास्टिकच्या कोनाखाली ठेवून 24 तासांनी मोजल्यास तर जाळी नापास करून बसशील. रात्री तपास आणि 72 तासांपर्यंत रोज मोज.

आणि नव्या आल्या त्याच दिवशी जुन्या गोळा करायला निघू नको. घरातली माणसं मोज, नव्या जाळ्या मोज, दोघांत एक पुरत असेल तरच जुनी उचल. उचललेली गावात पेटवायची नाही, नाल्यात मासे धरायला द्यायची नाही. गठ्ठा बांधून उपकेंद्रात आण आणि स्टॉक रजिस्टरला नोंद कर.