बोअरचे पाणी आणि जंगली बेट्टा

ॲक्वेरियमच्या दुकानात बरणीतून विकला जाणारा ‘फायटर’ आणि जंगली बेट्टा हे एकाच कुळातले. थायलंड, लाओस, मलाया, सुमात्रा, बोर्निओ या पट्ट्यात बेट्टाच्या सत्तरहून अधिक जाती आढळतात. भारतात मूळची एकही नाही. नांदेड-लातूरला हे मासे बहुधा मोठ्या शहरांतून पार्सलने येतात आणि पुष्कळदा पहिल्याच आठवड्यात दगावतात. दोष विकणाऱ्यावर जातो. कारण मात्र बहुतेक वेळा घरच्याच पाण्यात असते.

मराठवाड्याचा खडक काळा बेसाल्ट. त्यातून उपसलेले बोअरचे पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेटमुळे जड होते. कूलरच्या जाळीवर बसणारा पांढरा थर त्याचाच. सामू (पीएच) आठच्या आसपास असतो. नांदेडचे विष्णुपुरीचे आणि लातूरचे मांजरा धरणाचे पाणी त्या मानाने हलके, पण ते काही दिवसांआड येते आणि उन्हाळ्यात त्याची जागा टँकर घेतो. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातुरात, वर्षभर एकाच प्रतीचे पाणी मिळेल असे धरून चालण्यात अर्थ नाही. म्हणून आधी पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर घ्यावा, मासा नंतर.

जात पाणी पाहून निवडावी. बेट्टा कॉक्सिना, रुटिलन्स, ब्राउनोरम या दलदलीतल्या लालसर जाती सामू चार ते सहाच्या अतिमृदू पाण्यातल्या. त्या फोटोत कितीही मोहक दिसल्या तरी इथे नवख्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. ईशान्य थायलंड आणि लाओसच्या भातखाचरांतली स्मॅराग्डिना, मलाया द्वीपकल्पातली इंबेलिस आणि बँकॉकजवळच्या मचूळ पाण्यातली महाचायेन्सिस या जाती जड पाणी बऱ्यापैकी सोसतात.

देशी बदामाची वाळलेली पाने टाकली की पाणी आम्ल होते, असा सल्ला सर्रास मिळतो. शाळेच्या आवारात पडलेली तांबूस पाने फुकट मिळतात आणि उपयोगीही असतात: टॅनिनने पाणी चहासारखे होते, मासा निवांत राहतो, पानाखाली पिल्लांना आडोसा मिळतो. सामू मात्र तसूभरही हलत नाही, कारण बोअरमधले बायकार्बोनेट ते आम्ल गिळून टाकते. प्रस्तुत लेखकाच्या टाकीत पाणी गडद तपकिरी होऊनही सामू पूर्वीइतकाच राहिला. पाणी मृदू करायचे तर आरओचे पाणी मिसळणे हा खात्रीचा मार्ग. नुसते आरओ घालू नये. त्यात खनिजे जवळजवळ नसतात. बाष्पीभवनाची तूटही आरओनेच भरावी, कारण वाफ जाते आणि क्षार मागे राहतात. आरओतून वाया जाणारे पाणी भांडी-फरशीला वापरणे या भागात वेगळे सांगायला नको.

पार्सलच्या पिशवीत एक सापळा असतो. प्रवासात माशाच्या कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनिया साठतो, पण पिशवीतल्या पाण्याचा सामू उतरलेला असल्याने तो फारसा बाधत नाही. त्याच पाण्यात तासभर थेंबथेंब बोअरचे पाणी मिसळत बसले, की सामू चढतो आणि अमोनिया विषारी रूप घेतो. त्यापेक्षा पिशवी तरंगवून तापमान जुळवावे, मासा जाळीने उचलून आधीच तयार ठेवलेल्या, मिळत्याजुळत्या टीडीएसच्या पाण्यात सोडावा आणि पिशवीतले पाणी फेकून द्यावे. टाकी त्याआधी चार ते सहा आठवडे जिवाणू स्थिरावण्यासाठी चालवलेली असावी.

वनस्पती साध्याच बऱ्या: जावा मॉस, जावा फर्न, अनुबियास, क्रिप्टोकोरिन, वॅलिसनेरिया. वर तरंगत्या वनस्पतींचा थर असला की नराला फेसाचे घरटे बांधायला आधार मिळतो. गोदावरीतून उपटून आणलेल्या वनस्पतींबरोबर गोगलगायी आणि चतुराच्या अळ्या येतात. ती अळी पिल्ले खाऊन टाकते. बाहेरची वनस्पती काही दिवस वेगळ्या बादलीत ठेवून, नीट पाहूनच आत घ्यावी.

नांदेडला मे महिन्यात पारा ४२ अंशांपुढे जातो. बालाघाटच्या पठारावरचे लातूर किंचित सुसह्य. पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा घेतला तर तापमान दोन-तीन अंश उतरते, पण त्यासाठी झाकणाची काच काढली की बेट्टा उडी मारतो. फरशीवर सुकलेला मासा सकाळी सापडतो. काचेच्या जागी मच्छरदाणीची जाळी ताणून बसवावी. डिसेंबरच्या रात्रींसाठी हीटर हवा, आणि तेव्हा झाकण पुन्हा काचेचेच: बेट्टा पाण्यावर येऊन हवा घेतो, ती हवा गार आणि कोरडी असली की पिल्ले टिकत नाहीत.

इंबेलिस, स्मॅराग्डिना, महाचायेन्सिस आणि बाजारी फायटर यांचा आपसांत सहज संकर होतो, त्यामुळे ‘वाइल्ड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या माशांत मिश्र बरेच असतात. जाती एकत्र ठेवू नयेत, प्रत्येक टाकीवर जातीचे नाव लिहावे. जास्तीची पिल्ले ओळखीच्या पाळणाऱ्याला द्यावीत. डासांसाठी गप्पी मासे सोडतात तसे हे विहिरीत किंवा तळ्यात सोडणे चूक. बेट्टा इथले नाहीत, परदेशी आहेत.